कै. नजीर फिटर

रविवार, १९ फेब्रुवारी २००६

ही वही फिजिक्सच्या प्रॅक्टिकलची. पुढून चार प्रयोग लिहिलेले आहेत, मग मी कॉलेज सोडलं. म्हणून मागून सुरू करतोय.

नजीरभाई आज मुंबईहून परत आले. मी स्टँडवर घ्यायला गेलतो. कहकशां गुलनारभाबीच्या खांद्यावर झोपली होती. चार वर्षांची पोरगी. डावा डोळा मागच्या वर्षी नागपूरला काढला, आत गाठ होती म्हणून. आता उजव्यातही तीच गाठ. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, हाही काढू, जीव वाचेल. नजीरभाईंनी विचारलं, दुसरं काही? तेव्हा ते म्हणाले, लंडनला एक दवाखाना आहे. डोळ्याच्या मागे किरणांची बारीक चकती शिवतात, गाठ जळते, नजर राहते. हिच्या गाठीची जागा अशी अवघड की इथे कोणी हात लावायला तयार नाही. मेमध्ये घेतील. त्यापुढे गेलं तर तेही नाही म्हणतील. खर्च बावीस लाख.

रिक्षात नजीरभाई म्हणाले, "जिनिंगात सारी जिंदगी कापसाच्या गाठीच बांधल्या, साकेत. त्यायचा भाव मले मालूम होता. हिचा कोणी सांगतला नाही."

लोहाऱ्याच्या जिनिंगमध्ये ते फिटर होते. औंदा कापूसच आला नाही, जिनिंग दिवाळीनंतर जेमतेम चाललं आणि बंद पडलं. तेव्हापासून कचेरीसमोर टपरीत स्कूटर-लुना दुरुस्त करतात. बाजूला विमलताईंचं टायपिंग सेंटर, तिथे मी. कॉलेज सोडलं त्या दिवशी बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. नजीरभाईंनी चहा पाजला आणि काही विचारलं नाही. हे मी विसरणार नाही.

पैसे मी उभे करीन. शब्द दिला आहे. भाबी म्हणाली, "शब्द मत दे रे, खाना खा के जा."

बुधवार, २२ फेब्रुवारी

आमच्या सेंटरला या वर्षी एकच धंदा आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका येतात, सानुग्रह मदतीचा अर्ज करायला. सगळ्यांचा मजकूर तोच. नवा अर्ज कोणी टाइप करत नाही. जुना उघडायचा, नाव-गाव बदलायचं, प्रिंट काढायची. विमलताई म्हणतात, मरण एकसारखं असलं की टायपिंग स्वस्त पडतं. बाई वाईट नाही, थकली आहे.

आज कहकशांसाठी मदतीचं आवाहन टाइप केलं. अकराला लाइट जाणार होती. राळेगावच्या भुरीबाईचा अर्ज उघडाच होता, त्याच्यावरच घातलं. शेवटचं वाक्य होता होता स्क्रीन काळी झाली, पण प्रिंट त्याआधी निघाली होती. थोडक्यात वाचलो.

कागद घेऊन आभाकडे गेलो. ती पेपरच्या इथल्या ऑफिसात लागली आहे, जिल्ह्याच्या बातम्या लिहिते. माझ्याच वर्गातली. तिच्याबद्दल घाण बोलला म्हणून मी एकाला लॅबमध्ये हाणलं होतं. माफी लिहून द्या म्हणाले, दिली नाही, आणि कॉलेज संपलं. तिला सगळं माहीत आहे. तिने कधी विषय काढला नाही. काही गोष्टी बोलायच्या नसतातच.

कागद घेताना म्हणाली, "किती वाळलास रे."

एवढंच. पण म्हणाली.

शनिवार, २५ फेब्रुवारी

छापून आलं! पान एकवर, फोटोसकट!

आणि काय छापलं? "आत्महत्याग्रस्त कुटुंबातील चिमुकलीला हवी दृष्टी." खाली: "कै. नजीर शेख यांच्या पश्चात..."

जिवंत माणूस मारला! पेपर घेऊन मी सुटलो तो थेट आभाच्या टेबलावर आपटला. सगळं ऑफिस बघत होतं. ती हळूच म्हणाली, "ओरडू नकोस. तुझ्याच कागदावर आहे बघ."

होतं. "कै. नजीर शेख." ते "कै." भुरीबाईच्या नवऱ्याचं. मी नाव बदललं, त्याच्या आधीचं अक्षर बदललंच नाही. बाकीचं आभाने पुरं केलं. कै. आहे, यवतमाळ आहे, यंदाचं साल आहे. तिला दुसरं काय वाटणार?

नजीरभाईंना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "फोटो मस्त आला पोरीचा."

सोमवार, २७ फेब्रुवारी

आज त्यांच्या घरी कळंब चौकात होतो. बाहेर रिक्षा थांबली आणि रडणं सुरू झालं. दारव्ह्याची खाला, नजीरभाईंची मावशी. "हाय रे मेरा नजीर! कैसा लोहे जैसा था!" दार वाजलं. नजीरभाई दात घासत होते, तसेच ब्रश तोंडात घेऊन त्यांनी दार उघडलं.

"सलाम, खाला."

खाला जी किंचाळली! मग दोन मिनिटं त्यांचे गाल चाचपले, आणि मग चप्पल काढून मारलं. "नहीं मरा तो बताना था ना, नालायक! दारव्हे से टिकट लगता है!"

आम्ही सगळे हसून हसून आडवे. भाबीच्या डोळ्यांतून पाणी. कहकशांला कळलं नाही, पण तीही टाळ्या वाजवत होती. उद्या खुलासा टाइप करून देतो.

गुरुवार, २ मार्च

दिला नाही. कारण लिहून ठेवतो.

पोस्टमन काल मनिऑर्डरींचा गठ्ठा घेऊन आला. आज पुन्हा. बँकेत भाबीच्या खात्यावर पुण्याहून, नाशिकहून, कुठून कुठून पैसे येतायत. विमलताईंचा फोन सकाळपासून बंद नाही. "त्या माउलीला सांगा, धीर धर." कोणी "त्या फिटरला सांगा" म्हणत नाही. मागच्या वर्षी डाव्या डोळ्याच्या वेळी मी असंच पत्रक वाटलं होतं. नजीरभाई तेव्हा जिवंत होते. चहाचे पैसे निघाले नव्हते.

आभा दुपारी स्वतः सेंटरवर आली. स्वतः! म्हणाली, "लगेच खुलासा नको करूस ना रे. माझं पहिलं पान आहे ते. मला काढून टाकतील. आणि बाळाचंही बघ ना."

मी म्हणालो, तू काळजी करू नको, मी आहे.

संध्याकाळी नजीरभाईंना विचारलं. ते हवेत पाना फिरवत बसले होते. म्हणाले, "दोन महिने मेलो तं का बिघडते? जिता राहून कोणतं मोठं काम करून राह्यलो?" आणि हसले. भाबी आतून म्हणाली, "अशुभ मत बोलो." पण नाही म्हणाली नाही.

टपरी बंद. नजीरभाई दिवसा घराबाहेर पडणार नाहीत असं ठरलं.

गुरुवार, ९ मार्च

मुंबईच्या एका ट्रस्टचं पत्र. अर्ध्याहून जास्त खर्च ते एकटेच देणार! "आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील बालकांसाठी" त्यांचा निधी आहे. दहा एप्रिलला यवतमाळला कार्यक्रम, तिथे आईच्या हातात चेक. सोबत वडिलांच्या मृत्यूचा दाखला.

दाखल्याचं मी बघतो असं सांगितलं. कचेरीसमोर बसणाऱ्याला काय अशक्य आहे.

घरी बाबा आईला म्हणाले, पण मला ऐकू जाईल असं: "शुभदा, स्कूटर नजीरकडून आणली ना गेल्या आठवड्यात? मेलेला माणूस ब्रेक बरा लावतो." बाबा ट्रेझरीत आहेत, त्यांना सगळं कळतं. मी म्हणालो, "तुमच्या ट्रेझरीतून एका मेकॅनिकच्या पोरीला काय मिळतं ते सांगा." बाबांनी तीन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "काही नाही मिळत," म्हणाले. "म्हणून मेल्याचं नाटक करायचं? एकदा माणूस कागदावर मेला ना साकेत, की त्याला परत आणायला फार त्रास पडतो. मी रोज बघतो."

ताट तसंच ठेवून उठलो.

गुरुवार, १६ मार्च

काल धुळवड. आभा ऑफिसच्या लोकांत होती. मला बघून आली, कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाली, "साकेतदादा, तू नसतास तर मी काय केलं असतं!"

दादा ती चारचौघांसमोर म्हणते. लोकांसाठी.

रात्रभर गुलाल पुसला नाही. आईने उशीचा अभ्रा बदलताना तोंड वाकडं केलं.

शुक्रवार, २४ मार्च

थकवा येतो. रोज तेच सांगायचं: हो, बाई धीराची आहे. हो, शेती होती. नाही, किती एकर ते माहीत नाही. एका आजोबांनी विचारलं, औषध घेतलं की फास? मी फोन ठेवून दिला. विमलताई ओरडल्या, गिऱ्हाइकाचा फोन असा ठेवतात का?

नजीरभाई दुपारी मागच्या दाराने सेंटरवर आले. चेहऱ्याला रुमाल. घरात जीव घुसमटतो म्हणाले. बराच वेळ माझ्या मागे बसून अर्ज वाचत होते.

"हे अपात्र म्हंजे काय?"

"ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला मदत मिळत नाही. अपात्र."

"म्हंजे फिटर अपात्र."

"सरकारचं झालं ते. ट्रस्टला चालतं, त्यांना फक्त दाखला पाहिजे."

"तो तं तू नकली बनवशील. पकडला तं जेलात जाशील, बावा."

"नाही पकडणार."

"खरा दाखला किती दिवसात निघते?"

"माणूस मेल्यावर? नगरपालिकेत आठवडाभरात. काहून?"

तेवढ्यात आभाचा फोन आला, तिला कार्यक्रमाची माहिती हवी होती. माझं बोलून होईस्तोवर नजीरभाई गेले होते. आभा आज तीन वेळा "प्लीज" म्हणाली.

बुधवार, २९ मार्च

एक बरं झालं. नजीरभाई सावरले. आधी घरात बसून चिडचिड करत, पोरीवरही खेकसत. आता एकदम शांत. भाबीच्या शिलाई मशीनचा पट्टा बदलला, नळ ठीक केला, स्टोव्ह खोलून साफ केला. कोणाकोणाची हत्यारं घरात होती, ती पोरासोरांकडून परत पोचवली. मला म्हणाले, "तुह्यावर एक डाव ओरडलो होतो ना, पेट्रोल सांडलं होतं तं. मनात ठेवू नको." मला तर आठवतही नव्हतं.

पैसा दिसला की माणसाला बळ येतं. आपण योग्य केलं.

उद्या पाडवा. आई म्हणाली, घरी जेव.

सोमवार, ३ एप्रिल

आज मजा झाली. सकाळी भाबीचा निरोप: नजीरभाई नाहीत घरात, जरा बघ. गुपित फुटायचं म्हणून मी सायकल काढली. टपरीवर नाहीत. लोहाऱ्याला गेलो, जिनिंगच्या फाटकाशी म्हातारा चौकीदार अमरसिंग झोपला होता, तिथेही नाहीत. शेवटी सापडले कुठे? रेल्वे स्टेशनवर! शकुंतला गाडीच्या रुळाजवळ, सावलीत उकिडवे बसलेले.

"इथे काय करून राह्यले?"

"गाडी पाह्याले आलो."

मूर्तिजापूरला जाणारी ती खेळण्यातली गाडी! बैल आडवा आला की थांबते, ड्रायव्हर उतरून हाकलतो, मग निघते. मी म्हणालो, "नजीरभाई, या गाडीखाली तर कोंबडी मरत नाही."

ते बघत राहिले माझ्याकडे. मग हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला, डोळे पुसत होते. "खरं आहे," म्हणाले, "हे बी फिटिंग चुकलंच आपलं."

सायकलवर डबल सीट घरी आणलं. भाबी तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं रंगवून सांगितलं, कोंबडीचं सुद्धा. ती हसली नाही. सूप तसंच धरून बसली. नजीरभाई आत जाऊन कहकशांजवळ आडवे झाले.

बाईमाणसाला विनोद कळत नाही कधीकधी.

मंगळवार, ४ एप्रिल

क्रमाने लिहितो.

सेंटर उघडलं तर पायरीवर भाबी बसलेली. कडेवर कहकशां. तोंड धुतलेलं नाही, ओढणी कशीतरी. आत आली, खुर्ची ओढली. "लिख."

"काय?"

"नजीर शेख जिंदा है."

मी म्हणालो, भाबी, दहा तारखेला चेक आहे. सहा दिवस. फक्त सहा दिवस कळ काढा. लंडनची तारीख जाईल. हिची नजर जाईल.

"छह दिन में मेरे घर में क्या होंगा, मालूम है तेरे को?" आवाज वाढला नव्हता. त्यानेच भीती वाटली. "दस साल में इस आदमी ने मेरी दाल को अच्छा नहीं बोला. आठ दिन से रोज बोल रा. सब का सामान वापस कर रा. सोने के पहले मेरे से माफी मांगता. तू तो पढ़ा-लिखा है ना रे? तेरे को क्या लगा, टेसन पे गाडी देखने गया था?"

मी उभा होतो, मग बसलो. नजीरभाईंनी दाखल्याचं विचारलं होतं. खरा किती दिवसात निघतो. मी सांगितलं होतं. आठवडा. मी सांगितलं होतं!

तरी तोंडातून निघालंच, "पण डोळा..."

"आँख बचा के देखेंगी किसको? बाप की कबर को?"

कहकशां माझ्या कीबोर्डची बटणं दाबत होती. तिचा तो एक डोळा स्क्रीनला अगदी चिकटलेला. भाबीने तिचा हात बाजूला केला नाही. स्क्रीनवर काहीबाही अक्षरं उमटत होती.

मी म्हणालो, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. नजीरभाईंना एकटं सोडू नका. भाबी म्हणाली, "खाला को बुला ली मैं. चप्पल लेके बैठी है दरवाजे में."

मग आभाकडे गेलो. तिला न सांगता करणं मला जमलं नसतं. ती चहाच्या टपरीवर भेटली, आधी तिचीच बातमी सांगितली: पुण्याला घेतलंय तिला. मोठ्या आवृत्तीत. आपल्या त्याच बातमीवर. पंधरा तारखेला जायचं आहे.

मी माझं सांगितलं. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मी जाईपर्यंत थांब ना. दहा दिवस. असं कोणी लगेच मरत नाही रे."

"कुठे बसून बोलतेस तू हे? रोज कोणत्या बातम्या लिहितेस?"

"ओरडू नकोस."

"ओरडीन!"

"हेच," ती म्हणाली. आता तीही रडत होती. "हेच तुझं. तेव्हाही लॅबमध्ये मी म्हटलं होतं का तुला मारायला? कॉलेजभर माझं नाव झालं. घरून मला महिनाभर बाहेर सोडलं नाही. कधी विचारलंस? आज माझं काहीतरी चांगलं होतंय तर पुन्हा तू."

मी विचारलं नव्हतं. खरंच कधी विचारलं नव्हतं. मला वाटत होतं तिला आवडलं असेल.

चहाचे पैसे तिने दिले.

बुधवार, ५ एप्रिल

रात्री झोप नाही. सकाळी लाइट होती तोवर सेंटरमध्ये बसलो. कोणाचाही जुना अर्ज उघडला नाही. कोरं पान घेतलं. "खुलासा. यवतमाळ येथील नजीर शेख, जिनिंग फिटर, हे हयात आहेत. आमच्या आवाहनात टाइप करणाऱ्याच्या चुकीमुळे..." चार ओळींना एक तास लागला. ज्यांना आपली मदत परत हवी असेल त्यांनी कळवावं, हे वाक्य भाबीने घालायला लावलं.

पेपरच्या ऑफिसात साहेबांच्याच हातात दिलं. त्यांनी चष्मा काढला. "ही बातमी कोणी केली होती?" आभा तिच्या टेबलावर मान खाली घालून लिहीत होती.

"कागद माझा होता," मी म्हणालो. "कै. मी टाइप केलं. तुम्ही लोकांनी विश्वास ठेवला."

"गाढव आहेस," ते म्हणाले.

"हो."

बाहेर येताना आभाने वर पाहिलं नाही. बरंच झालं.

शनिवार, ८ एप्रिल

छापलं. पान सातवर, टेंडरच्या नोटिशीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. ट्रस्टला मात्र बरोबर दिसलं. दुपारी फोन आला: कार्यक्रम रद्द. पोलिसांत जात नाही हे उपकार समजा.

बाकीचे फोन लिहीत नाही. एक बाई रडली. ती म्हणाली, मी माझ्या मेलेल्या मुलाच्या नावाने दिले होते. विमलताईंनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला आणि दिवसभर त्याच ऐकत बसल्या.

आभाला काही झालं नाही. पुण्याला चालली आहे.

बुधवार, १२ एप्रिल

ऊन चाळीसच्या वर. नजीरभाईंनी टपरी उघडली. रस्त्यावरचे लोक थांबून बघतात, एकाने तर हात लावून पाहिलं. आर्णीचा एक दुकानदार खास आला. त्याने पाठवले होते पैसे. बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "जिता आहे न बापा? मंग राहू दे, ठेव ते." आणि जाता जाता लुनाची सर्व्हिसिंग फुकट करून घेतली, वर घंटीही बसवून घेतली.

दुपारी बाबा आले. स्कूटर टपरीसमोर भर उन्हात स्टँडवर लावली. "नजीर, पुढचा ब्रेक लागत नाही." नजीरभाईंनी तपासलं. ब्रेक उत्तम होता. नजीरभाईंनी तो खोलला आणि परत बसवला.

जाताना बाबा मला म्हणाले, "सात वाजता जेवण."

रविवार, २३ एप्रिल

परत मागणाऱ्यांचे परत केले. राहिले त्यात लंडन होत नाही. नजीरभाईंनी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला, मीच लावून दिला. "हां साब. हां. निकाल दो," एवढंच बोलले आणि फोन माझ्याकडे दिला. पुढची तारीख मी लिहून घेतली.

मग भाबीला म्हणाले, "तूने मेरे को बचाया, उसकी आँख गई. बराबर का सौदा नहीं हुआ."

"चुप बैठो," भाबी म्हणाली. "दाल कैसी है?"

त्यांनी खाल्ली. "खारी है."

भाबी उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बुधवार, ३ मे

आज ऑपरेशन. मी इथेच. एकाही अर्जात मन नव्हतं. संध्याकाळी फोन: झालं. गाठ बाहेर पसरली नव्हती. जिवाला धोका नाही.

लंडन झालं असतं तर, हा विचार येतोच. खुलासा सहा दिवस उशिरा दिला असता तर? आणि ते सहा दिवस नजीरभाई निभले असते तर? मी हे कोणाला विचारत नाही. नजीरभाई स्वतःला रोज विचारत असणार. म्हणून खाला मुंबईलाही सोबत गेली आहे.

बुधवार, १७ मे

सकाळी स्टँडवर गेलो. ट्रॅव्हल्समधून आधी खाला उतरली, मग भाबी, मग नजीरभाई. कहकशां त्यांच्या खांद्यावर. मोठा काळा चष्मा, दोऱ्याने बांधलेला. मला वाटलं होतं रडत असेल. ती चिडलेली होती, बसमध्ये कोणी तिचं बिस्किट खाल्लं म्हणून.

रिक्षा नको म्हणाले नजीरभाई, चालत जाऊ. खाला आणि भाबी सामान घेऊन रिक्षाने पुढे गेल्या. एक पिशवी नजीरभाईंनी हातात ठेवली. मी मागे मागे.

स्टँडपासून ते बोलत होते. हा माणूस इतका बोलतो हे मला माहीत नव्हतं. "अब बाजू में पानठेला है. चाचा सो रा. मुँह खुला है."

"और?"

"और एक कुत्ता. काला. एक पाँव उठा के खड़ा."

"पीछे कौन चल रा?"

"साकेत. मुँह लटका के. दाढ़ी बढ़ गई."

"और?"

"और गन्ने के रस वाला. मशीन को घुंगरू बांधा."

"वो तो मेरे को सुनाई दिया," ती वैतागून म्हणाली. "जो सुनाई नहीं देता, वो बताओ ना."

नजीरभाई थांबले. दत्त चौकात, भर रहदारीत, मागे हॉर्न वाजत होते. ते इकडे तिकडे बघत होते, असं की जणू गाव पहिल्यांदा बघतायत. मग म्हणाले, "एक दीवार है. नीली. उस पे छिपकली बैठी. हिलती नहीं."

"कितनी बड़ी?"

त्यांनी पिशवी रस्त्यावर ठेवली. तिला खांद्यावरून पुढे घेतलं, तिची मूठ उघडली आणि तळव्यावर बोटाने हळूहळू पाल काढली. आधी डोकं, मग पोट, मग चार पाय, मग शेपूट पार मनगटापर्यंत.

मी पिशवी उचलली. तिने हात मिटून घेतला.

"और?"